अमेरिकेतली हायस्कूल ग्रॅज्युएशन पार्टी आणि भेटी: मराठी घरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की हायस्कूलच्या शेवटच्या (सीनियर) वर्षातल्या मुलांचे आईवडील, आणि त्यांच्यामागोमाग काका-काकू, मावश्या आणि भारतातले आजी-आजोबा हेच प्रश्न पाठवायला लागतात. इथली उत्तरं अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. शाळेचे आणि गावाचे नियम जागोजागी बदलतात, तेव्हा जिथे "विचारून घ्या" म्हटलंय तिथे खरंच विचारून घ्या.

१. पार्टीची तारीख कशी ठरवायची? समारंभाच्या आधी की नंतर?

आधी शाळेची तारीख बघा. टेक्सस, जॉर्जियाकडे समारंभ मेच्या उत्तरार्धात होतात, मिनेसोटा-मिशिगनच्या पट्ट्यात मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, तर न्यू जर्सी-न्यूयॉर्कमध्ये थेट जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. ईशान्येकडे हिवाळ्यात बर्फाच्या सुट्ट्या जास्त झाल्या तर ही तारीख पुढे सरकते. त्यामुळे समारंभाच्या दुसऱ्याच दिवशीचा हॉल परत न मिळणारं डिपॉझिट भरून घेऊ नका, मध्ये आठवडा ठेवा.

पार्टी समारंभाच्या दोन-तीन आठवडे आधी केली तरी कुणी वावगं मानत नाही. मेचे पहिले दोन आठवडे मात्र एपी (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या) परीक्षांचे असतात, ते सोडा. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीला लोक गावाला जातात. जूनचा तिसरा रविवार फादर्स डेचा असतो. ऑगस्टच्या मध्यावर दक्षिणेकडची कॉलेजं सुरू होतात आणि मित्र पांगायला लागतात, म्हणून फार उशीरही नको.

या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलाच्या चार-पाच जिवलग मित्रांच्या पार्ट्या कधी आहेत ते मुलालाच विचारायला सांगा. पाहुणे मोठ्यांचे असले तरी दिवस मुलाचा आहे, आणि त्याचे मित्रच आले नाहीत तर बाकी सगळं छान होऊनही त्याला चुटपुट लागते.

२. "ओपन हाउस" म्हणजे नेमकं काय? आपल्या पद्धतीची जेवणाची पार्टी चालत नाही का?

ओपन हाउस म्हणजे आमंत्रणावर "दुपारी १ ते ५" अशी वेळ लिहायची आणि लोकांनी त्यात कधीही येऊन भेटून, खाऊन जायचं. मिडवेस्टात (मिनेसोटा-मिशिगनच्या पट्ट्यात) हीच रीत आहे. एका शनिवारी मुलांना पाच-सहा ठिकाणी जायचं असतं, म्हणून दहाबारा जणांचं टोळकं येतं, वीस मिनिटं थांबतं आणि पुढच्या घरी जातं. मुलं लगेच निघाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. या रीतीचा फायदा असा की एका वेळी एकूण पाहुण्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे लोकच हजर असतात, म्हणजे खुर्च्या आणि पार्किंग तेवढ्यापुरतं पुरतं.

आपली मंडळी मात्र वेळेच्या खिडकीतही जेवणाच्याच वेळेला एकदम येतात आणि शेवटपर्यंत बसतात. म्हणून खूप घरांनी दोन भाग करायला सुरुवात केली आहे: दुपारी १ ते ४ शाळेतले मित्र, शेजारी, शिक्षक, संध्याकाळी ६ नंतर नातेवाईक आणि मंडळातली कुटुंबं. काम थोडं वाढतं, पण हाच बेत सर्वांत चांगला जमतो.

३. आमंत्रणं कधी पाठवायची? येणाऱ्यांचा अंदाज कसा बांधायचा?

तारीख आठ आठवडे आधी कळवून ठेवा, रीतसर आमंत्रण चार ते सहा आठवडे आधी द्या. उत्तराची शेवटची तारीख पार्टीच्या दहा दिवस आधीची ठेवा, कारण केटरर साधारण आठवडाभर आधी पक्का आकडा मागतो. व्हॉट्सॲपवर आलेला अंगठा म्हणजे होकार धरू नका. "किती जण, त्यात लहान किती, जैन जेवण हवं का" असं स्पष्ट विचारा.

मुलाच्या मित्रांचे होकार कागदावर धरू नका. ते उत्तर देत नाहीत, पण येतात, आणि येताना आणखी एकाला घेऊन येतात. मुलाने सांगितलेल्या आकड्यात पाचाला एक अशी भर घाला.

४. घरी, पार्कात की हॉलमध्ये?

साठ-सत्तरपर्यंत पाहुणे असतील आणि मागे अंगण असेल तर घर उत्तम. काउंटी किंवा गावाच्या पार्कातलं पॅव्हिलियन स्वस्त पडतं, पण मे-जूनचे शनिवार जानेवारी-फेब्रुवारीतच जातात. बुक करताना चार गोष्टी विचारा: वीज आहे का, बाहेरचा केटरर चालतो का, स्पीकर चालतो का आणि दारूला बंदी आहे का.

अंगणात तंबू घालणार असाल तर २० बाय २० फुटांच्या तंबूत टेबलखुर्च्यांसह ३२ ते ४० जण बसतात. तंबूच्या खुंट्या जमिनीत दोन-तीन फूट जातात, खाली गॅसची किंवा केबलची लाइन असू शकते. म्हणून ८११ या क्रमांकावर काही कामाचे दिवस आधी फोन करायचा. ते फुकट येऊन लाइनवर रंगाच्या खुणा करून जातात. अंगणातल्या स्प्रिंकलरचे पाइप मात्र ते दाखवत नाहीत, ते तुम्हालाच झेंड्या लावून दाखवावे लागतात. मोठ्या तंबूला काही गावांत परवाना लागतो.

५. जेवण किती लागेल? आकड्यांत सांगा.

समजा ६० मोठी माणसं आहेत आणि पावभाजी, मसालेभात, कोथिंबीरवडी, कोशिंबीर, श्रीखंड असा बेत आहे.

भाजी माणशी एक कप धरा, म्हणजे ६० कप. पूर्ण आकाराचा, अडीच इंच खोलीचा अल्युमिनियमचा ट्रे काठोकाठ भरला तर जेमतेम ३५ कप मावतात, तेव्हा दोन ट्रे. चार इंच खोल ट्रेमध्ये जवळपास सगळी एकातच मावेल, पण तो उचलताना मधून वाकतो आणि मधली भाजी गरम होत नाही. पाव मोठ्यांना तीन, लहानांना दोन. मसालेभाताला ६० जणांत १० पौंड कच्चा तांदूळ पुरतो, पण भात एकट्याने मुख्य असेल तर १५ घ्या. श्रीखंड माणशी अर्धी वाटी म्हणजे साधारण १६ पौंड. ते मोठ्या भांड्यातून वाढण्याऐवजी चार औंसांच्या झाकणाच्या कपांत आदल्या रात्री भरून कूलरमध्ये ठेवा. सांडत नाही, आणि कुणी तीनदा घेतलं तरी अंदाज राहतो. मिसळ ठेवणार असाल तर ६० जणांना सात पौंड कोरडी मटकी लागते, आणि मोड यायला पूर्ण दोन दिवस द्यावे लागतात.

कोथिंबीरवडी आदल्या दिवशी उकडून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्या दिवशी कापून तळा. गार वडी सुरेख कापली जाते. बटाटेवडे तळून ट्रेमध्ये भरून वर फॉइल घट्ट दाबलं की वाफेने अर्ध्या तासात लिबलिबीत होतात. जाळीच्या रॅकवर २५० अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये उघडे ठेवा. बाहेर नेताना फॉइलला चार भोकं पाडा. प्रोपेनची शेगडी मोकळ्या हवेत लावा, गॅरेजमध्ये नको.

बर्फ: उन्हाच्या दिवशी माणशी दीड पौंड. हाच माल हमखास कमी पडतो.

६. अमेरिकन मित्रांसाठी वेगळं काही ठेवायला हवं का? ॲलर्जीचं काय?

वेगळा बेत लागत नाही. हातात धरून खाता येईल असं दोन-तीन प्रकारांत असलं की पुरे: वडे, छोटे पावभाजी स्लायडर, कापलेलं कलिंगड. तिखट वेगळं ठेवा.

ॲलर्जीबाबत मात्र जराही ढिलाई नको. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट कुठे कुठे जातं हे आपल्यालाही चटकन आठवत नाही: कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यात, वड्यांवर पेरलेलं. गोड्या मसाल्यात तीळ असतो, आणि तीळ २०२३ पासून अमेरिकेत लेबलवर लिहिणं सक्तीच्या असलेल्या नऊ मुख्य ॲलर्जींमध्ये आहे. श्रीखंडात पिस्ते, मसालेभातात काजू. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे कार्ड ठेवा: नाव, तिखट किती, आणि "शेंगदाणे / तीळ / काजू-पिस्ते / दूध / गहू" यांपैकी काय आहे ते. कूट असलेले पदार्थ वेगळ्या टेबलावर आणि त्यांचे डाव वेगळे. एकाच डावाने दोन ट्रे ढवळले की कार्डाचा उपयोग उरत नाही.

७. चार तास अन्न बाहेर सुरक्षित कसं ठेवायचं?

नियम सरळ आहे: गरम पदार्थ १४० अंश फॅरनहाइटच्या वर, गार पदार्थ ४० च्या खाली. यांच्यामध्ये राहिलेलं अन्न दोन तासांत टाकून द्यायचं, आणि बाहेर ९० अंशांपेक्षा जास्त ऊन असेल तर एका तासात. न्यू जर्सीतल्या जूनच्या दुपारी कोशिंबीर आणि मठ्ठा यांनाच आधी धोका असतो. ते बर्फावर थोडं थोडं काढा.

चेफिंग डिशच्या (खाली इंधनाचे डबे पेटवून पदार्थ गरम ठेवायच्या भांड्याच्या) खालच्या ट्रेमध्ये उकळतं पाणी घाला. नळाचं गार पाणी घातलं तर अर्धा डबा इंधन ते तापवण्यातच जळतं आणि "पार्टीत भाजी थंडच होती" असं होतं. एका पूर्ण डिशला एका वेळी दोन डबे लागतात. दोन तास चालणारे डबे असतील तर चार तासांना डिशमागे चार घ्या. अंगणात वारा ज्योत विझवतो, कडेने फॉइलचा आडोसा करा.

८. केक किती मोठा? एगलेस कुठे मिळतो?

हाफ-शीट आणि क्वार्टर-शीट हे इथल्या आयताकृती केकचे ठरलेले आकार. दोन इंची चौकोनी तुकडे धरले तर हाफ-शीटमध्ये साधारण ४८ आणि क्वार्टर-शीटमध्ये २४ तुकडे निघतात. श्रीखंड किंवा जिलबी असेल तर पाहुण्यांच्या दोन-तृतीयांशांपुरता केक भरपूर होतो. मोठ्या दुकानांच्या केकमध्ये अंडं असतंच असं धरून चाला. एगलेस केक भारतीय बेकरीतून किमान दहा दिवस आधी सांगून घ्या. त्या महिन्यात त्यांच्याकडे रांग असते. बटरक्रीम उन्हात ओघळतं, म्हणून केक घरातच ठेवा.

९. मोठ्यांसाठी बिअर-वाइन ठेवली तर चालेल का?

पिण्याचं वय २१ आहे, आणि या पार्टीतला निम्मा जमाव १७-१८ वर्षांचा असतो. तुमच्या घरात अल्पवयीन मुलाने दारू प्यायली तर बऱ्याच राज्यांत यजमानावर कारवाई होते, मग बाटली तुम्ही दिली नसली तरी. आमचं मत स्पष्ट आहे: मुलांच्या भागात दारू अजिबात नको. ठेवायचीच असेल तर संध्याकाळच्या भागात (प्रश्न २), घराच्या आत, एका माणसाच्या हाती. अंगणातल्या कूलरमध्ये सोड्याशेजारी बिअर कधीही नको.

१०. दोन-तीन घरांनी मिळून पार्टी केली तर खर्च कसा वाटायचा?

जागा, तंबू, सजावट सारख्या भागांत. जेवण डोक्यांवर. उदाहरणार्थ एकूण १५० पाहुण्यांत ५० फक्त अद्वैतच्या घरचे, ६० फक्त सईच्या घरचे आणि ४० दोघांचे. सामाईक ४० निम्मे वाटले की अद्वैतकडे ७० आणि सईकडे ८०. हा हिशेब आमंत्रणं जाण्याआधी लिहून सगळ्यांना पाठवा. नंतर बोलायला गेलं की मनं दुखावतात.

प्रत्येक मुलाचं फोटोंचं टेबल वेगळं आणि कार्डांची पेटी वेगळी, शक्यतो वेगळ्या रंगाची आणि मोठ्या अक्षरांत नावासह. पेटी दाराशी नको, घराच्या आत नजरेसमोर हवी. आणि एकाच्या टेबलावर पाच पारितोषिकं आणि दुसऱ्याच्या टेबलावर काहीच नाही असं दिसू देऊ नका. फोटो सगळ्यांकडे असतात, टेबल फोटोंचंच करा.

११. औक्षण, पेढे, सत्यनारायण हे पार्टीत बसवायचं कसं?

पूजा सकाळी घरच्यांत उरका. औक्षण पाहुण्यांसमोर केलं तर अमेरिकन मित्रांना फार आवडतं, फक्त दोन वाक्यांत काय चाललंय ते मुलाने स्वतः सांगावं. आजीने ओवाळावं, गाउन आणि टोपी घालूनच. गाउन पॉलिएस्टरचा असतो, निरांजनाची ज्योत हातभर लांब ठेवा. त्याला इस्त्रीही करू नका, वितळतो. गरम पाण्याची वाफ भरलेल्या बाथरूममध्ये टांगला की सुरकुत्या जातात.

१२. भारतातून आजी-आजोबा येतायत. शाळेच्या समारंभाला त्यांना नेता येईल?

तिकिटं मोजकी असतात, अनेक शाळांत कुटुंबामागे चार ते सहा. पावसामुळे समारंभ जिममध्ये हलला तर त्याहून कमी. दोन्हीकडचे आजी-आजोबा येणार असतील तर मुलाला आत्ताच वर्गमित्रांकडे जादा तिकिटांची चौकशी करायला लावा. व्हीलचेअरची किंवा पायऱ्या नसलेली जागा हवी असेल तर शाळेच्या ऑफिसला दोन-तीन आठवडे आधी कळवा. मैदानावरच्या अल्युमिनियमच्या बाकांना पाठ नसते आणि उन्हात ते चटका बसेल इतके तापतात: बसायला उशी, टोपी, पाणी घ्या. आत नेण्याच्या बॅगा पारदर्शकच हव्यात असा नियम खूप ठिकाणी असतो.

१३. पाकिटात किती घालायचे?

ठरलेला दर नाही. मराठी मंडळींत साधारण जे चालतं ते असं: ओळखीच्या घरचं मूल २५ ते ५१ डॉलर, घरोबा असेल तर ५१ ते १०१, सख्खे काका-मामा-आत्या-मावशी १०१ ते ५०१. एकाच उन्हाळ्यात तुम्हाला आठ पार्ट्या असतील तर आधीच एक आकडा ठरवा आणि सगळ्यांना तोच द्या. मुलं आपापसात बोलतात. मूल कुठल्या कॉलेजात चाललंय यावर रक्कम कमी-जास्त करू नका.

१४. रोख, चेक की गिफ्ट कार्ड?

चेक सर्वांत बरा, पण त्यावर मुलाचं बँकेतलं पूर्ण नाव हवं. घरातल्या हाकेच्या नावाचा चेक बँक परत पाठवते. सहा महिन्यांनंतर चेक नाकारायची बँकेला मुभा असते, हे मुलालाही सांगा.

गिफ्ट कार्ड दुकानाच्या उघड्या स्टँडवरचं घेताना मागची पट्टी खरवडलेली किंवा पुन्हा चिकटवलेली नाही ना ते बघा, आणि पावती कार्डासोबतच ठेवा. दुकानांच्या गिफ्ट कार्डातले पैसे संघराज्याच्या कायद्याने पाच वर्षं तरी बाद होत नाहीत.

कार्डात फक्त "काका-काकू" लिहू नका. त्या पेटीत काका-काकूंची दहा कार्डं असतात. पूर्ण नाव लिहा.

१५. वस्तूच द्यायची आहे. डॉर्ममध्ये (कॉलेजच्या वसतिगृहात) काय उपयोगी पडतं?

डॉर्मचा पलंग बहुतेक ठिकाणी ट्विन एक्स्ट्रा लाँग, म्हणजे ३८ बाय ८० इंच असतो. साधी ट्विन चादर पाच इंच आखूड पडते. मऊ सुती गोधडी ही आपल्याकडची अप्रतिम भेट आहे; ६६ बाय ९० इंच किंवा थोडी मोठी शिवून घ्या. ती घरच्या साध्या वॉशिंग मशीनमध्ये मावेल इतकी पातळ असावी, नाहीतर वर्षभर धुतली जात नाही.

प्रेशर कुकर, राइस कुकर, इंडक्शन, मेणबत्त्या, उदबत्त्या बहुतेक डॉर्मांत चालत नाहीत. छोटा देव्हारा द्यायचा असेल तर बॅटरीचा दिवा द्या. एक्स्टेंशन कॉर्डही बऱ्याचदा बंद असतात, सर्ज प्रोटेक्टर चालतो. कुकर आणि गोड्या मसाल्याचा डबा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, मूल अपार्टमेंटमध्ये गेलं की द्या. तेव्हा त्याची खरी गरज असते. मेतकूट मात्र पहिल्या दिवसापासून चालतं.

लॅपटॉप ओरिएंटेशनच्या (कॉलेजच्या सुरुवातीच्या माहितीसत्राच्या) आधी घेऊ नका. इंजिनीअरिंगच्या काही विभागांना विंडोजच लागतं.

१६. आजी-आजोबांना मोठी रक्कम द्यायची आहे. उत्तम मार्ग कोणता?

फीसाठी असेल तर सरळ कॉलेजला भरा. ट्यूशन थेट भरली तर ती अमेरिकेच्या गिफ्ट टॅक्सच्या मर्यादेत मोजलीच जात नाही. राहण्या-जेवणाच्या खर्चाला ही सवलत नाही. मात्र भरण्याआधी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला विचारा, कारण मिळालेली मदत कमी होऊ शकते. एरवी अमेरिकेत राहणारा माणूस एका व्यक्तीला वर्षाला १९,००० डॉलरपर्यंत (२०२५ आणि २०२६ चा आकडा) गिफ्ट टॅक्सचा फॉर्म न भरता देऊ शकतो.

५२९ खात्यातले (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातले) पैसे ट्यूशन, पुस्तकं, कॉम्प्युटर आणि किमान अर्धवेळ शिकणाऱ्याच्या राहण्या-जेवणासाठी वापरता येतात. चादरी आणि विमानाची तिकिटं त्यात बसत नाहीत. आजी-आजोबांच्या नावावरच्या ५२९ मधून काढलेले पैसे २०२४-२५ पासून फाफ्सा (संघराज्याच्या आर्थिक मदतीच्या) अर्जात सांगावे लागत नाहीत. काही खासगी कॉलेजं आपल्या वेगळ्या अर्जात विचारतात.

मुलाने उन्हाळ्यात नोकरी केली असेल तर रॉथ आयआरए (निवृत्तीसाठीचं करसवलतीचं खातं) ही फार दूरवर पोचणारी भेट आहे. पैसे कुणीही देऊ शकतं, पण मुलाने त्या वर्षी कमावलेल्या रकमेहून जास्त नाही आणि २०२६ साठी ७,५०० डॉलरच्या वर नाही.

१७. मुलगी एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आहे. हेच पर्याय तिला लागू पडतात का?

सगळे नाहीत. तिला नोकरी करता येत नाही, म्हणजे कमाई नाही, म्हणजे रॉथ नाही. ५२९ साठी लाभार्थ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटिन (तो नसलेल्यांना मिळणारा कर क्रमांक) लागतो, तो एच-४ मुलांकडे बऱ्याचदा नसतो. तेव्हा तिची फी थेट भरणं किंवा तिच्या बँक खात्यात पैसे देणं हाच सोपा मार्ग. आणखी एक: या मुलांना संघराज्याची आर्थिक मदत मिळत नाही. तुमच्या जवळच्यांत असं मूल असेल तर शोभेच्या वस्तूऐवजी पैसेच द्या.

१८. भारतातून पैसे किंवा दागिने आणायचे आहेत, काय काळजी घ्यायची?

बँकेतून पाठवायचे असतील तर भारतातल्या रहिवाशाला लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. अमेरिकेत येताना कुटुंबाकडे मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तर कस्टम्सला सांगावं लागतं. सांगणं सक्तीचं आहे, आणणं गुन्हा नाही. परदेशातल्या व्यक्तीकडून वर्षभरात एकूण एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर मुलाला ३५२० हा फॉर्म भरावा लागतो, कर नसला तरी. नातवाला द्यायचा दागिना डिक्लेअर करा आणि पावती जवळ ठेवा.

१९. छापील कार्ड आलं, पण त्यात पार्टीचं काहीच नाही. भेट द्यावी लागते का?

ती ग्रॅज्युएशनची घोषणा आहे, आमंत्रण नाही. भेटीचं बंधन नाही. अभिनंदनाचा फोन किंवा हाताने लिहिलेलं कार्ड पुरतं.

२०. आमचा मुलगा चार वर्षांच्या कॉलेजात जात नाहीये. पार्टी करावी का, आणि पाहुण्यांच्या प्रश्नांचं काय?

जरूर करा. कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज), गॅप वर्ष, सैन्य, इलेक्ट्रिशियनची ॲप्रेंटिसशिप, काहीही असो. हायस्कूल त्याने पूर्ण केलंय आणि पार्टी त्याची आहे. बॅनरवर कॉलेजचं नाव न लिहिता फक्त त्याचं नाव आणि वर्ष लिहा. "कुठे मिळालं?" हा प्रश्न आपल्या मंडळींत पहिल्या मिनिटाला येतोच. त्याचं एक वाक्यातलं उत्तर मुलाने स्वतः ठरवू दे, आणि आईवडिलांनी तेच वाक्य जसंच्या तसं सांगावं, त्यात "पुढच्या वर्षी बघू" अशी पुस्ती जोडू नये. जवळच्या दोन-तीन मावश्या-काकांना आधी सांगून ठेवलं की ते विषय पुढे नेतात. भेट देणाऱ्यांनी त्याच्या वाटेचा विचार करावा: ॲप्रेंटिसला चांगले कामाचे बूट किंवा हत्यारांसाठी पैसे, कम्युनिटी कॉलेजात घरून ये-जा करणाऱ्याला पेट्रोलचं कार्ड.

२१. "भेटी नकोत" असं लिहिलं तर लोक ऐकतात का?

अर्धे ऐकतात. उरलेले पाकीट घेऊन येतातच, म्हणून कार्डांची पेटी तरीही ठेवा, फक्त मध्यभागी नको. दाराशी आग्रहाने परत देत बसू नका, वडीलधाऱ्यांना ते लागतं. पाहुणा म्हणून जाताना यजमानांनी असं लिहिलं असेल तर शुभेच्छांचं कार्ड न्या.

२२. थँक्यू नोट कुणी, कधी लिहायची?

मुलाने, हाताने, पार्टीनंतर तीन आठवड्यांत, कॉलेजच्या बॅगा भरायला सुरुवात होण्याआधी. पाकिटं उघडताना एकाने वहीत नाव, रक्कम किंवा वस्तू आणि पत्ता लिहीत जायचं; सगळी उघडून झाल्यावर आठवून लिहायला बसलं की चुका होतात. नोटमध्ये तीन ओळी पुरे: काय मिळालं, त्याचं काय करणार, आणि त्या माणसाशी संबंधित एखादी आठवण. रक्कम लिहायची नसते. चेक वटवण्याआधी नोट गेली तर फारच छान. भारतातल्या नातेवाइकांना कार्ड पोचायला वेळ लागतो, त्यांना मुलाने स्वतः व्हिडिओ कॉल करावा, आणि मराठी अडखळत का होईना, त्याचं त्यालाच बोलू द्यावं.